कोंबडी चार आण्यांची, मसाला बारा आण्यांचा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुनी गाडी घेणाऱ्याला आपल्याकडे दोन प्रकारचे सल्ले मिळतात. घेण्याआधी सगळे सांगतात, "सर्व्हिस रेकॉर्ड बघून घे, म्हणजे चिंता नाही." आणि घेतल्यावर गाडीत काही मोठं बिघडलं, की तीच मंडळी म्हणतात, "तरी सांगत होतो, जुन्या गाडीच्या भानगडीत पडू नकोस." या दोन सल्ल्यांच्या मधे एक प्रश्न तसाच राहून जातो. गाडी निगराणीतली आहे, कागदपत्रं चोख आहेत, आधीचा मालक सज्जन आहे, आणि तरीही एके दिवशी क्लच, फ्लायव्हील किंवा गिअरबॉक्स मान टाकतो. गॅरेजवाला लाखाच्या घरातला आकडा सांगतो. अशा वेळी माणसानं करायचं काय? आज मी त्याविषयी बोलणार आहे.

आधी हे प्रकरण काय असतं ते थोडक्यात पाहू. इंजिनात तयार झालेली ताकद चाकांपर्यंत नेणारी एक साखळी असते. फ्लायव्हील, क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि चाकांना फिरवणारे ॲक्सल अशी ही साखळी. पूर्वी विहिरीवर मोट चालायची. तिचे बैल म्हणजे इंजिन समजा. बैल कितीही दांडगे असले, तरी नाडा तुटला की पाणी काही वर येत नाही. गाडीचंही तसंच आहे. इंजिन ठणठणीत असतं, चालू केलं की गुरगुरतं, पण गाडी जागची हलत नाही. आजकालच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये इंजिन पुढे आणि ओढणारी चाकंही पुढेच असतात. त्यामुळे गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत दाटीवाटीने बसवलेले असतात. साधी क्लचप्लेट बदलायची म्हटली तरी ही पेटी खाली उतरवावी लागते. म्हणजे सामानाच्या किमतीआधीच मजुरीचा आकडा वाढलेला असतो.

आता सर्व्हिस बुकाकडे वळू. त्यात काय असतं? इंजिन ऑइल कधी बदललं, फिल्टर कधी बदलले, ब्रेकचे पॅड कधी घातले, हे सगळं तारखेनिशी असतं. क्लचबद्दल बहुधा फक्त "तपासला" एवढाच शेरा असतो. गिअरबॉक्सचं तेल तर कित्येक गाड्यांमध्ये "आयुष्यभरासाठी भरलेलं" असं कंपनीच सांगते, त्यामुळे ते कोणी उघडूनही बघत नाही. थोडक्यात, तेल कधी बदललं हे पुस्तकात असतं, पण चालवणाऱ्याचा पाय कुठे होता हे नसतं. क्लचच्या पेडलवर पाय टेकवून गाडी चालवायची काहींना सवय असते. चढावर हँडब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणारे असतात. मोठ्या सुट्टीच्या दिवशी खंडाळ्याच्या घाटात तासभर रांग लागली, की कितीतरी गाड्यांच्या क्लचप्लेटचा जळका वास खिडकीतून आत येतो. त्याची नोंद कुठल्या पुस्तकात होणार?

डिझेल गाड्यांमध्ये आणखी एक गोष्ट असते. इंजिनाचे धक्के गिअरबॉक्सपर्यंत जाऊ नयेत म्हणून पुष्कळ गाड्यांना दोन तुकड्यांचं फ्लायव्हील बसवतात. दोन जड चकत्या आणि त्यांच्यामध्ये स्प्रिंगा. गाडी मऊ चालते ती यामुळे. पण वरच्या गिअरमध्ये अगदी कमी वेगावर गाडी रेटत राहिलं, म्हणजे पाचव्या गिअरमध्ये ताशी चाळीसनं चढ चढवला, तर त्या स्प्रिंगांना फार मार बसतो. गंमत अशी की असं चालवणारा माणूस अनेकदा काटकसरी असतो. डिझेल वाचावं म्हणून तो लवकर वरचा गिअर टाकतो. त्याची सर्व्हिसिंगही वेळेवर असते. म्हणजे पुस्तक उत्तम आणि फ्लायव्हील खिळखिळं, या दोन्ही गोष्टी एकाच गाडीत सुखाने नांदू शकतात.

आणि केवळ चालवणाऱ्यालाच दोष का द्यावा? कधी रचनेतच काही राहून जातं. २०१३ साली एका मोठ्या जर्मन कंपनीनं जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या. कशासाठी? तर सात गिअरच्या, दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्समधलं कृत्रिम तेल काढून खनिज तेल भरण्यासाठी. उष्ण, दमट हवेत आणि थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत त्या तेलामुळे विजेच्या भागात बिघाड होऊ शकत होता. ज्यांनी वेळेवर सर्व्हिसिंग केलं त्यांच्याही गाड्या त्यात होत्याच. तेव्हा निगा राखली म्हणजे बिघाड होणारच नाही, ही समजूत आधी बाजूला ठेवायला हवी.

हे सगळं बोलायचं कारण माझ्या घरचंच आहे. आईला दर महिन्याला वाईहून पुण्याला डोळ्याच्या इंजेक्शनसाठी आणावं लागतं. एसटीची चढउतार तिला जमेना, म्हणून आम्ही सात वर्षं वापरलेली एक डिझेल गाडी घेतली. ६८ हजार किलोमीटर चाललेली, चार लाख वीस हजारांना. आधीचे मालक निवृत्त गृहस्थ. प्रत्येक बिल फाईलला लावलेलं. आठ महिने गाडीनं तक्रार केली नाही. मग एकदा वाईला जाताना खंबाटकीच्या चढावर खालून धडधड सुरू झाली आणि थोड्या वेळात गिअर पडेचना. क्रेनवर घालून गाडी एका अधिकृत वर्कशॉपमध्ये नेली. दुसऱ्या दिवशी अंदाजपत्रक हातात आलं. गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील सगळं नवं, एकूण एक लाख ब्याण्णव हजार.

घरात जो काही वाद व्हायचा तो झाला. पैसे होते, पण ते पावसाळ्याआधी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी ठेवलेले. शेजाऱ्यांनी ती म्हण ऐकवलीच, "चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. विकून टाका." म्हण चांगली आहे, पण ती लागू पडते की नाही हे ठरवण्याआधी कोंबडीची आजची किंमत आणि मसाल्याचा खरा भाव, दोन्ही माहीत पाहिजेत. आमच्याकडे त्या दिवशी दोन्ही नव्हते.

म्हणून मी वर्कशॉपमध्ये एकच प्रश्न विचारला. "गिअरबॉक्स खोलून पाहिलात का?" उत्तर आलं, "आवाजावरूनच कळतंय, सर." आता आवाजावरून पुष्कळ कळतं, हे खरं आहे. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना येणारा आवाज क्लच दाबल्यावर थांबला, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर रिलीज बेअरिंग. इंजिन चालू-बंद करताना खडखड आणि गाडी उचलताना थरथर असेल, तर फ्लायव्हील. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी फिरवताना कटकट वाजलं, तर ॲक्सलचा जॉइंट. पण हे झाले संशय. संशयावर डॉक्टर तपासण्या सांगतो, लगेच पोट फाडत नाही.

साताऱ्यातलेच एक जुने वस्ताद आहेत, त्यांच्याकडे गाडी हलवली. ते म्हणाले, "काका, आधी तेल बघू. तेल खोटं बोलत नाही." गिअरबॉक्सचं तेल त्यांनी पांढऱ्या भांड्यात काढलं. त्यातून चुंबक फिरवला. चुंबकाला काळपट, बारीक लोण्यासारखा थर लागला. ती नेहमीची झीज. दातांचे तुकडे किंवा चकाकणारा कीस निघाला असता, तर गोष्ट वेगळी होती. मग पेटी उतरवली. गिअर आणि बेअरिंगं शाबूत होती. फ्लायव्हीलच्या स्प्रिंगा तुटल्या होत्या आणि त्या धक्क्यांनी क्लचप्लेटही खराब झाली होती.

खर्च पुढीलप्रमाणे. फ्लायव्हील ४१ हजार, क्लचप्लेट आणि प्रेशर प्लेट मिळून साडेसतरा हजार, रिलीज बेअरिंग साडेसहा हजार, तेल आणि सील तीन हजार, मजुरी नऊ हजार. एकूण ७७ हजार. रक्कम लहान नाही. पण एक लाख ब्याण्णव हजारांपेक्षा ती फार वेगळी आहे, आणि फक्त आकड्यानेच नव्हे.

कसं ते सांगतो. अशा वेळी आपण हमखास चुकीच्या आकड्याशी तुलना करतो. "चार लाख वीस हजारांना घेतली, आता त्यात आणखी घालायचे?" पण ते चार लाख वीस हजार गेले. दुरुस्ती केली तरी ते परत येत नाहीत, विकली तरी येत नाहीत. त्यांना हिशोबात जागाच नाही. हिशोबात फक्त तीन आकडे घ्यायचे. गाडी आज आहे तशी, बिघडलेली विकली तर किती येतील? दुरुस्त झाल्यावर तिची बाजारात किंमत किती? आणि दुरुस्तीचा खर्च किती? दुरुस्त किमतीतून खर्च वजा करा. उरलेली रक्कम बिघडलेल्या किमतीपेक्षा जास्त असेल तर दुरुस्ती परवडते, कमी असेल तर नाही.

आमच्या गाडीला बिघडलेल्या अवस्थेत दलालानं दोन लाख चाळीस हजार सांगितले. चालू स्थितीत तशाच गाड्या तीन लाख नव्वदच्या आसपास जात होत्या. आता पाहा. पहिल्या अंदाजपत्रकाप्रमाणे तीन लाख नव्वदमधून एक लाख ब्याण्णव वजा केले, तर राहतात एक लाख अठ्ठ्याण्णव हजार. म्हणजे दुरुस्तीपेक्षा आहे तशी विकलेली बरी. दुसऱ्या हिशोबात ७७ हजार वजा केले, तर राहतात तीन लाख तेरा हजार. म्हणजे दुरुस्तीच बरी. गाडी तीच, बाजार तोच, पण निदान बदललं आणि निर्णय उलटा झाला. म्हणून निदान आधी आणि हिशोब नंतर. खोलून पाहण्याची मजुरी द्यावी लागली तरी ती द्यावी. सगळ्या प्रकरणात तेवढे पैसे सर्वांत सत्कारणी लागतात.

एवढ्यानं प्रश्न संपत नाही. पुढचा प्रश्न असा, की क्लचचं काम केलं आणि तीन महिन्यांनी दुसरंच काही गेलं तर? इथे ती चोख ठेवलेली फाईल कामाला येते. टायमिंग बेल्ट कधी बदलला, टायर किती जुने, कूलंट कधी घातलं, ब्रेकचं काम कधी झालं, हे सगळं आम्हाला फाईलमधून कळलं. पुढच्या दोन वर्षांत काय-काय काढावं लागेल, याची यादी करता आली. सर्व्हिस बुक बिघाड टाळण्याचं वचन देत नाही. पण बिघाड झाल्यावर बाकीची गाडी पैसे घालण्याच्या लायकीची आहे का, हे मात्र ते सांगतं. त्याची खरी किंमत तिथे आहे. ही गाडी विकून दुसरी जुनी गाडी घेतली असती, तर तिच्याही क्लचचा इतिहास अंधारातच असता. माहीत असलेली गाडी दुरुस्त करणं आणि माहीत नसलेली गाडी विकत घेणं, यांतली जोखीम सारखी नसते.

याचा अर्थ प्रत्येक गाडी दुरुस्त करावी असा नाही. तळाला गंज लागलेला असेल, आणि कोकण किनाऱ्यावरच्या गाड्यांत तो फार दिसतो, तर नव्या क्लचचा उपयोग नाही. पंधरा वर्षांची नोंदणी संपत आली असेल, तर पुनर्नोंदणी, तपासणी आणि पर्यावरण कर हेही खर्चात धरायला हवेत. स्वयंचलित गिअरबॉक्सचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला, तर मन घट्ट करून सोडून द्यावी. तिथे ती म्हण खरी ठरते.

दुरुस्ती ठरली की सामानाचा प्रश्न येतो. कंपनीच्या खोक्यातला भाग हा एक पर्याय. पण क्लच, बेअरिंगसारखे भाग गाडीची कंपनी बहुधा स्वतः बनवत नाही. ते बनवणारे कारखाने वेगळे असतात आणि त्यांच्या स्वतःच्या खोक्यात तोच भाग पुष्कळदा स्वस्त मिळतो. तिसरा पर्याय म्हणजे मुंबईत कुर्ल्याला किंवा इतरत्र मोडीत निघालेल्या गाड्यांचं सामान. अख्खा गिअरबॉक्स हवा असेल तर हा मार्ग वाईट नाही. पण त्यावरचा क्रमांक जुळवून घ्या, तेल काढून पाहा, आणि चालला नाही तर परत घेण्याची हमी बिलावर लिहून घ्या. क्लचप्लेट आणि दोन तुकड्यांचं फ्लायव्हील मात्र वापरलेलं घेऊ नये. त्याचं आयुष्य दुसऱ्यानं खाल्लेलं असतं. काही गॅरेजवाले दोन तुकड्यांच्या जागी साधं, एकसंध फ्लायव्हील बसवून देतात. स्वस्त पडतं, पण इंजिनाचे धक्के मग थेट गिअरबॉक्सला बसतात. हे समजून घेऊन मग ठरवावं.

पेटी उतरवलीच आहे तर रिलीज बेअरिंग आणि मागचं ऑइल सील बदलून घ्यावं. या वस्तू तुलनेनं स्वस्त असतात, पण पुढे त्यांच्यासाठी पुन्हा पेटी उतरवायची तर सगळी मजुरी पुन्हा द्यावी लागते. काढलेले जुने भाग मागून घ्यावेत. आणि पक्कं बिल घ्यावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला आहे. त्याआधी पुष्कळ भागांवर तो २८ टक्के होता. बिलावर कोणता दर लावला आहे, तेवढं बघा.

आता पैसे दुसऱ्या कोणाकडून मिळतील का? विम्याकडून बहुधा नाही. नेहमीच्या मोटार विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. इंजिनाच्या संरक्षणाची जोडपॉलिसी असली, तरी ती मुख्यतः पाणी शिरणं वगैरे प्रसंगांसाठी असते. गाडी व्यापाऱ्याकडून घेतली असेल आणि त्यानं हमी दिली असेल, तर ती ओळ-न्-ओळ वाचा. गिअरबॉक्स हमीत असतो, पण क्लच हा झिजणारा भाग म्हणून पुष्कळदा वगळलेला असतो. दिलेली हमी पाळली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि ५० लाखांपर्यंत किंमत दिलेल्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. खासगी माणसाकडून घेतलेल्या गाडीचं तसं नाही. तिथे १९३० चा मालविक्री कायदा लागतो, आणि घेणाऱ्यानं पारखून घ्यावं हे त्याचं मूळ तत्त्व आहे. विकणाऱ्यानं जाणूनबुजून काही लपवलं असेल तर गोष्ट निराळी.

इथे एक सांगावंसं वाटतं. गाडी बंद पडल्याचं कळताच मला भेटणाऱ्या प्रत्येकानं विचारलं, "फसवलं ना त्यांनी?" मी आधीच्या मालकांना फोन केला, तो भांडायला नाही, माहिती विचारायला. क्लचचं काम कधी झालं होतं का? ते प्रामाणिकपणे म्हणाले, "कधीच नाही. आणि मी तर गाडी फार जपून चालवायचो, साठच्या वर नेत नसे." त्यांचा आवाज पडला होता. वस्तादांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. "अहो, त्या जपण्यानंच गेलं ते." भाग मोडला म्हणजे कोणीतरी लबाड असलंच पाहिजे, असं नसतं. लोखंडालाही थकवा येतो. राग काढायला माणूस शोधण्यात आठवडा घालवण्यापेक्षा तो आठवडा निदानात घालवलेला बरा.

जे आता जुनी गाडी बघताहेत, त्यांना दोन-चार गोष्टी सांगतो. गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असू द्या. पहिल्यांदा चालू करताना आणि बंद करताना कान देऊन ऐका. चढावर थांबवून पुन्हा उचला, थरथरते का पाहा. चौथ्या गिअरमध्ये एकदम पाय दिल्यावर इंजिनाचे फेरे वाढले आणि वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. मोकळ्या जागेत स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून गोल फिरवा. चाकांजवळचे रबरी बूट फाटून ग्रीस उडालंय का, ते वाकून बघा. आणि मालकाला सर्व्हिसिंगची तारीख विचारून झाली, की हेही विचारा, "गाडी रोज कुठल्या रस्त्याने जायची? कोण-कोण चालवायचं?" या उत्तरांत पुस्तकापेक्षा जास्त माहिती असते.

शेवटची गोष्ट पैशांची. जुनी गाडी नवीपेक्षा स्वस्त मिळते, कारण पुढचा एखादा मोठा खर्च तिच्या किमतीत आधीच वजा झालेला असतो. तो वाचलेला पैसा आपला नव्हे, गाडीचा आहे, असं समजावं. महिन्याला दोन हजार रुपये आवर्ती ठेवीत टाकले, तर तीन वर्षांत व्याज सोडूनच ७२ हजार होतात. म्हणजे आमच्या फ्लायव्हीलचा खर्च जवळपास निघाला. जुन्या लोकांनी या प्रकाराला गंगाजळी असा छान शब्द ठेवला आहे. आमच्या गच्चीचं काम यंदा अर्धंच झालं, उरलेलं पुढच्या वर्षी. पण आईची दर महिन्याची खेप चुकलेली नाही, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला गाडीच्या गंगाजळीत दोन हजार पडतात. तुमच्या दारात जुनी गाडी असेल, आणि ती आज उत्तम चालत असेल, तर हे खातं उघडायला आजचाच दिवस योग्य आहे.